परदेशातला रेल्वे अपघात, आपल्या सेक्शनचा धडा : तपास अहवाल कसा वाचायचा आणि कामाला कसा लावायचा

१२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ एक प्रवासी गाडी उभी होती. मागचा सिग्नल अगदी जवळ आल्यावर अचानक लाल झाल्याचं चालकाने पाहिलं होतं. नियमाप्रमाणे पुढच्या सिग्नलपाशी थांबून तो फोनवर हे कळवत होता, तेवढ्यात मागून आलेली गाडी त्याच्या गाडीवर आदळली. ३५ माणसं गेली. २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला, पण १७ ए/बी हा क्रॉसओव्हर (गाडीला एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर नेणारी रुळांची जोडणी) लूप लाइनकडे, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनकडे, लागलेला होता आणि लूपवर मालगाडी उभी होती. तिथे २९० हून जास्त माणसं गेली.

दोन अपघातांमध्ये जवळजवळ ३५ वर्षांचं आणि हजारो किलोमीटरचं अंतर आहे. दोन्हीच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट सापडते. चालू सिग्नल यंत्रणेच्या वायरिंगमध्ये बदल झाला आणि त्या बदलातली चूक कोणाच्या हाती लागली नाही. क्लॅपहॅमचा चौकशी अहवाल १९८९ मध्येच छापून आला होता. त्यात ९३ शिफारशी होत्या.

हा लेख त्या दोन अपघातांमधल्या दरीबद्दल आहे. स्टेशन मास्टर, सिग्नल मेंटेनर, पी-वे (रुळांच्या देखभालीचे) सुपरवायझर, लोको इन्स्पेक्टर, सेफ्टी काउन्सेलर, ट्रेनिंग सेंटरचे शिक्षक, इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आणि रेल्वेवर लिहिणारे पत्रकार यांच्यापैकी कोणीही खाली सांगितलेलं काम करू शकतं. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. इंग्रजी वाचायची तयारी आणि चिकाटी हवी.

पायरी १ : आधी स्वतःचा प्रश्न लिहा

सगळ्यात मोठा गाजलेला अपघात उचलून वाचायला बसणं, ही बहुतेकांची सुरुवात असते. त्यातून माहिती भरपूर मिळते, पण कामाचं थोडंच हाती लागतं. उलट दिशेने जा. तुमच्या सेक्शनात, डेपोत किंवा शहरात कुठली गोष्ट तुम्हाला अस्वस्थ करते, ती एका वाक्यात लिहा. मग तीच गोष्ट जगात इतरत्र कुठे घडली ते शोधा.

उदाहरण घ्या. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात आगीची अफवा पसरून पुष्पक एक्सप्रेस साखळी ओढून थांबवली गेली. प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या लाइनवरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. यावर शोधायचा प्रश्न ‘अफवा कशी थांबवावी’ असा नाही. खरा प्रश्न असा आहे : मध्येच थांबलेल्या गाडीतून माणसं आपणहून रुळांवर उतरली, तर शेजारची लाइन किती लवकर आणि कोण बंद करतं? हाच प्रश्न २ मार्च २०१८ ला लंडनमधल्या लुइशमजवळ उभा राहिला होता. बर्फामुळे अडकलेल्या गाड्यांमधून प्रवासी वीजप्रवाह असलेल्या रुळाशेजारी उतरले होते. तिथे जीव गेले नाहीत, पण ब्रिटिश तपास संस्थेने त्याचा पूर्ण अहवाल काढला. प्रश्न नेमका लिहिलेला असेल, तरच असा अहवाल नजरेला पडतो. ‘जळगाव’ आणि ‘लुइशम’ ही नावं शोधयंत्रात एकत्र कधीच येणार नाहीत.

पायरी २ : अहवाल कुठे मिळतात

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी आहे, आणि कुठल्या संस्थेकडून काय मिळेल हे माहीत असलं की वेळ वाचतो.

सुरुवात ब्रिटनच्या रेल अॅक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्रँचपासून करा. १९९९ च्या लॅडब्रोक ग्रोव्ह अपघातात ३१ माणसं गेली. तिथला एसएन १०९ हा सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. त्या चौकशीनंतर ही स्वतंत्र संस्था कायद्याने स्थापन झाली आणि २००५ मध्ये कामाला लागली. तिचे अहवाल मोफत मिळतात, भाषा साधी असते, आकृत्या चांगल्या असतात. छोट्या घटनांवर ती चार-पाच पानी ‘सेफ्टी डायजेस्ट’ही काढते. नवख्याने तिथूनच वाचायला लागावं.

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाकडे अहवालाखेरीज ‘डॉकेट’ असतं, म्हणजे मुलाखतींचे शब्दशः उतारे, मोजमापं, फोटो. शिकवणाऱ्यासाठी हा खजिना आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संस्थाही इंग्रजीतच लिहितात. जपानची तपास संस्था मोठ्या अपघातांच्या अहवालांचं इंग्रजी भाषांतर देते. युरोपीय संघात २००४ च्या निर्देशानंतर प्रत्येक सदस्य देशाला रेल्वे कंपनीपासून स्वतंत्र अशी तपास संस्था ठेवावी लागते. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अहवाल मूळ भाषेत असले, तरी यंत्र-भाषांतरावर काम भागतं. फक्त तांत्रिक शब्द मूळ आकृतीशी ताडून पाहा.

आपल्याकडे कमिशन ऑफ रेल्वे सेफ्टी आहे. ती रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. ही फारकत १९४१ मध्ये झाली, तपास करणाऱ्यावर रेल्वेचा दबाव नको म्हणून. मुख्य आयुक्त लखनौला बसतात. मध्य आणि पश्चिम सर्कलच्या आयुक्तांची कार्यालयं मुंबईत आहेत. रचना चांगली आहे. पण पूर्ण अहवाल सहज हाती लागत नाहीत, आणि ही खंत मी स्पष्ट मांडतो. बहानगा बाजारच्या निष्कर्षांचा सारांश राज्यसभेतल्या उत्तरातून लोकांना कळला. म्हणून भारतीय बाजू तपासताना संसदेतली उत्तरं, आयोगाचे वार्षिक अहवाल आणि गरज पडल्यास माहितीचा अधिकार असे तिन्ही मार्ग वापरा.

एक खबरदारी. अहवाल कोणी लिहिला ते आधी पाहा. स्पेनमधल्या २०१३ च्या सान्तियागो अपघाताच्या तपासावर युरोपीय रेल्वे एजन्सीने २०१६ मध्ये थेट आक्षेप घेतला, की तो पुरेसा स्वतंत्र नव्हता. ज्याने लाइन बांधली किंवा चालवली, त्याच्याच माणसांनी तपास केला असेल, तर चालकाच्या चुकीवर पानंच्या पानं मिळतील आणि नियोजनावर दोन ओळी.

पायरी ३ : वाचायचा क्रम

अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचू नका. मी सुचवतो तो क्रम असा : सारांश, मग ‘यापूर्वीच्या अशाच घटना’ हा भाग, मग घटनाक्रम, मग कारणं, आणि शिफारशी सगळ्यात शेवटी.

आधीच्या घटनांचा भाग आधी वाचायचं कारण सरळ आहे. मोठा अपघात क्वचितच पहिल्यांदा घडतो. बहानगा बाजारच्या अहवालातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी नोंद हीच आहे. त्याच खरगपूर डिव्हिजनमध्ये बांकरा नयाबाज स्टेशनात १६ मे २०२२ ला चुकीच्या वायरिंगमुळे आणि केबलच्या दोषामुळे तशीच घटना घडली होती. त्यानंतर चुकीच्या वायरिंगचा प्रश्न मुळातून हाताळला असता, तर पुढचा अपघात टळला असता, असं आयुक्तांनी लिहिलं. परदेशाचा धडा तर लांबचा, इथे त्याच डिव्हिजनमधल्या स्टेशनाचा धडा वर्षभरात पोचला नाही.

शिफारशी शेवटी ठेवा, कारण त्या त्या देशातल्या संस्थांना उद्देशून लिहिलेल्या असतात. आधी वाचल्या तर ‘हे आपल्याकडे लागू नाही’ असं म्हणून अहवाल मिटला जातो.

कारणं वाचताना थर वेगळे करा. बहुतेक संस्था तात्कालिक कारण, त्याला हातभार लावणारे घटक आणि मुळातले, संघटनेतले घटक वेगवेगळे मांडतात. ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’, ‘वगळता येत नाही’ हे शब्दही तसेच उतरवून घ्या. ते तोलून लिहिलेले असतात. सांगताना ‘बहुधा’ गळला की अंदाजाचं सत्य होतं.

एकच कारण शोधायचा मोह टाळायला लाक-मेगांटिकचा कॅनडाचा अहवाल वाचा. ६ जुलै २०१३ ला कच्च्या तेलाचे ७२ टँकर घेऊन उभी केलेली गाडी उतारावरून आपोआप सुटली, गावात घसरली, आग लागली आणि ४७ माणसं गेली. वर्तमानपत्रात आलं की हँडब्रेक पुरेसे लावले नव्हते. ते खरंच होतं. पण तपासात निघाले १८ वेगवेगळे कारक घटक. इंजिनाला आग लागल्यावर ते बंद केलं गेलं, त्यामुळे हवेचा दाब हळूहळू उतरला, हे त्यातलं एक. २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून चालकाविना सुटलेली आपली मालगाडी पंजाबात शिरून थांबेपर्यंत सत्तरहून अधिक किलोमीटर धावली होती. तिच्याबद्दल बोलताना या १८ घटकांची यादी समोर असू द्या. प्रत्येक ओळीपुढे विचारा : आपल्या यार्डात लोड उभा करताना हे कोण बघतं?

पायरी ४ : अपघात कसा घडला ते सुटं काढा

ही पायरी सगळ्यात कठीण आहे आणि बाकी सगळ्या हिच्यावर उभ्या आहेत. अपघाताची गोष्ट बाजूला ठेवून, तो घडवून आणणारी साखळी तीन-चार वाक्यांत लिहायची. त्यात देशाचं नाव नको, गाडीचं नाव नको, माणसाचं नाव नको.

क्लॅपहॅमचंच बघू. रिले रूममध्ये (सिग्नल चालवणारे विजेचे स्विच, म्हणजे रिले, असलेल्या खोलीत) जुन्या वायरिंगच्या जागी नवीन वायरिंग चाललं होतं. तंत्रज्ञाने नवीन वायर जोडली. जुनी वायर रिलेच्या टोकाला सोडवली, पण फ्यूजच्या टोकाला तशीच जोडलेली राहिली. सुटं टोक कापलं नाही, नीट बांधलंही नाही, नुसतं बाजूला सारलं. काम झालं २७ नोव्हेंबरला. दोन आठवडे काहीच झालं नाही. ११ डिसेंबरला शेजारच्या रिलेवर काम करताना ती वायर हलली, मूळ जागेकडे परत आली आणि टर्मिनलला टेकली. आता ट्रॅक सर्किटवर (रुळांवर गाडी आहे की नाही हे ओळखणाऱ्या विजेच्या सर्किटवर) गाडी असतानाही रिलेला वीज मिळत राहिली आणि सिग्नल लाल झाला नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्या व्यक्तीने तारा मोजायच्या होत्या, त्या कोणी मोजल्या नाहीत. तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. आणि वायर अशी बाजूला सारायची त्याची पद्धत वर्षानुवर्षांची होती, तिला कोणी कधी हरकत घेतली नव्हती.

यातून सुटी काढलेली साखळी अशी होईल : ‘चालू सर्किटमध्ये बदल करताना जुना जोड पूर्ण काढला गेला नाही. काम करणाऱ्यानेच स्वतःचं काम बरोबर ठरवलं. दुसऱ्या डोळ्यांनी मोजणी झाली नाही. दोष लगेच दिसला नाही, नंतरच्या दुसऱ्याच कामाने तो जागा झाला.’

आता ही चार वाक्यं घेऊन आपल्या लोकेशन बॉक्ससमोर (रुळांशेजारच्या सिग्नल वायरिंगच्या पेटीसमोर) उभे राहा. बहानगा बाजारबद्दल राज्यसभेत काय सांगितलं गेलं? नॉर्थ सिग्नल गुमटीत (सिग्नल उपकरणांच्या छोट्या खोलीत) पूर्वी केलेल्या सर्किट बदलातल्या त्रुटी, आणि नंतर लेव्हल क्रॉसिंग गेट क्रमांक ९४ चा इलेक्ट्रिक लिफ्टिंग बॅरिअर बदलतानाच्या कामातल्या त्रुटी. जुना बदल, मध्ये शांत काळ, मग दुसरं काम. साखळी ओळखीची वाटते की नाही? तपशील वेगळे आहेत, उपकरणं वेगळी आहेत. तरीही १९८९ चा तो अहवाल ज्याने अशा पद्धतीने वाचला असेल, तो आपल्या डिव्हिजनमध्ये डिसकनेक्शन मेमो (कामासाठी सिग्नल उपकरण बंद केल्याची लेखी नोंद, फॉर्म टी ३५१) हातात घेताना एक प्रश्न जास्त विचारेल.

पायरी ५ : त्या अपघाताची भावंडं शोधा

एका अपघातावरून धडा काढला तर तो बहुतेक वेळा उथळ निघतो. तीन-चार सारखे अपघात शेजारी ठेवले की वरवरची कारणं गळून पडतात.

वळणावरच्या अतिवेगाचं कुटुंब घ्या. २५ एप्रिल २००५, जपानमधलं आमागासाकी : ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ताशी ११६ किलोमीटर वेग, १०७ मृत्यू. २४ जुलै २०१३, सान्तियागो दे कॉम्पोस्तेला : ८० च्या वळणावर १७९, ८० मृत्यू. १२ मे २०१५, फिलाडेल्फिया : सुमारे ८० च्या वळणावर सुमारे १७०, ८ मृत्यू. ९ नोव्हेंबर २०१६, लंडनच्या क्रॉयडनमधली सँडिलँड्स ट्राम : २० च्या वळणावर ७३, ७ मृत्यू.

एकेक वाचलं तर वाटतं, चालकांचं लक्ष नव्हतं. आमागासाकीचा चालक आधीच्या स्टेशनात गाडी पुढे गेल्याबद्दल गार्ड आणि कंट्रोल यांच्यातलं रेडिओवरचं बोलणं ऐकत होता. सान्तियागोत गाडीतल्याच कर्मचाऱ्याचा कामाचा फोन आला होता. फिलाडेल्फियाचा चालक दुसऱ्या गाडीवरच्या आणीबाणीच्या रेडिओ संदेशांत गुंतला होता. क्रॉयडनच्या चालकाला क्षणभर डुलकी लागल्याची शक्यता तपासात मांडली गेली. ‘ड्युटीवर फोन नको’ एवढाच धडा घेतला, तर आमागासाकी, फिलाडेल्फिया आणि क्रॉयडन तिन्ही हातातून निसटतात.

चौघांना शेजारी ठेवा. चारही ठिकाणी वेगमर्यादा एका झटक्यात खूप खाली येत होती, आणि गाडी व वळण यांच्यामध्ये चालकाच्या लक्षाखेरीज दुसरं काहीच नव्हतं. गाडीचा वेग आपोआप कमी करणारी यंत्रणा त्या ठिकाणी, त्या दिशेला काम करत नव्हती. आणखी खोल गेलं तर हाती लागतं ते फार मोलाचं आहे. आमागासाकीचं वळण १९९६ मध्ये मार्ग बदलताना ६०० मीटर त्रिज्येवरून ३०४ मीटरवर आणलं गेलं होतं. सान्तियागोत मूळ आराखड्यातली आधुनिक नियंत्रण यंत्रणा प्रकल्पात बदल झाल्यावर वळणाच्या अलीकडेच संपली. म्हणजे दोन्हीकडे कागदावर एक बदल झाला, आणि त्यातून वाढलेला धोका गाजावाजा न होता चालकाच्या खांद्यावर गेला.

आपल्याकडे विचारायचा प्रश्न त्यातून आपोआप निघतो. तुमच्या सेक्शनात अशी कुठली कायमची वेगमर्यादा आहे, जी केवळ बोर्डावर आणि लोको पायलटच्या स्मरणावर अवलंबून आहे? गेल्या काही वर्षांत दुहेरीकरण, यार्ड रिमॉडेलिंग किंवा नवीन फलाटामुळे कुठलं वळण तीव्र झालं? मुंबई उपनगरी मार्गांवर ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम आहे, कवच टप्प्याटप्प्याने येतं आहे (चालक चुकला तर गाडीला आपोआप ब्रेक लावणाऱ्या या यंत्रणा). ते तुमच्या हद्दीत येईपर्यंत ही यादी हाताने करता येते, आणि लोको इन्स्पेक्टरने ती एका दिवसात करावी अशी आहे.

पायरी ६ : आकडे आणू नका, नातं आणा

परदेशी धडा आणताना सगळ्यात जास्त घोटाळा आकड्यांनी होतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कोकण रेल्वेशी थेट जोडलेलं आहे.

१२ ऑगस्ट २०२० ला स्कॉटलंडमधल्या कारमाँटजवळ डोंगर उतारावरून वाहून आलेल्या खडीवर एक प्रवासी गाडी घसरली आणि चालक, कंडक्टर व एक प्रवासी मरण पावले. त्या सकाळी तीन तासांत सुमारे ५१ मिलिमीटर पाऊस झाला होता. तिथल्या ऑगस्ट महिन्याच्या पावसाच्या मानाने तो प्रचंड होता. आता ५१ मिलिमीटर हा इशाऱ्याचा आकडा धरून कोणी चिपळूण किंवा कणकवलीत लावायला गेलं, तर जून ते सप्टेंबर गाड्या उभ्याच राहतील. असा आकडा पाहिला की आपला माणूस अहवाल बाजूला ठेवतो, आणि नेमकं कामाचं तिथेच राहून जातं.

कारमाँटमध्ये बिघडलं काय ते बघा. खडीने भरलेला पाण्याचा चर २०११-१२ मध्ये बांधला गेला, पण नकाशाप्रमाणे नाही. वरच्या बाजूला केलेल्या एका बांधामुळे पाणी एकाच जागी वळलं आणि खडी रुळांवर आली. तो चर देखभालीच्या यादीत कधी चढलाच नाही, म्हणून वरच्या भागाची तपासणी झाल्याचा पुरावा सापडला नाही. पुढे दरड असल्यामुळे थांबवलेली गाडी माघारी पाठवली गेली, तेव्हा चालकाने वेग कमी ठेवायचा का असं विचारलं. नको, सगळं ठीक आहे, असं उत्तर त्याला मिळालं. गाडी सुमारे ११७ किलोमीटर वेगाने त्या ढिगावर गेली.

यातल्या एकाही गोष्टीला स्कॉटलंडचा पाऊस लागत नाही. कोकण रेल्वेने २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून जास्त माणसं गमावली आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसचा अपघात सोसला. त्यानंतर कटिंगमध्ये जाळ्या, चोवीस तास गस्त, पावसाळी वेळापत्रक, जोरदार पावसात ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, माणगाव, चिपळूण, रत्नागिरीपासून मडगाव, कारवारपर्यंत पर्जन्यमापक असं बरंच काही उभं राहिलं. या बाबतीत आपल्याकडून स्कॉटलंडने शिकावं असं पुष्कळ आहे. तरीही कारमाँटमधून तीन प्रश्न आपल्याला घ्यावेच लागतात : डोंगरमाथ्यावरचा प्रत्येक कॅच वॉटर ड्रेन (वरून येणारं पाणी अडवून वळवणारा चर) देखभालीच्या यादीत आहे का? बांधून झाल्यावर तो नकाशाप्रमाणे आहे हे वर चढून कोणी पाहिलं? आणि एका बाजूला दरड पडली म्हणून गाडी मागे पाठवताना, मागच्या बाजूची खात्री कोणी केली?

भूमिकाही अशाच जुळवून घ्याव्या लागतात. ब्रिटनचा सिग्नलर जे करतो, त्यातलं काही आपल्याकडे स्टेशन मास्टर करतो, काही सेक्शन कंट्रोलर. म्हणून धडा उतरवताना पदनाम लिहू नका, काम लिहा, आणि ते काम तुमच्या हद्दीत खरोखर कोण करतं ते चौकशी करून शोधा. पुष्कळदा कळतं की ते काम कोणाचंच नाही. ही नोंद सगळ्यात आधी वर पाठवायची.

पायरी ७ : एका पानावर उतरवा

सर्क्युलर लिहू नका. ‘सर्व संबंधितांनी अधिक दक्षता घ्यावी’ हे वाक्य लॉबीच्या फलकावर कोणीही वाचत नाही. एका पानाची नोंद करा, आणि तिच्यात वस्तू, वेळ आणि कागद यांची नावं येऊ द्या. क्लॅपहॅमवरून केलेली नोंद साधारण अशी दिसेल :

‘काय घडलं : लंडन, १९८८. रिले रूममध्ये जुन्या वायरचं एक टोक जोडलेलं राहिलं. दोन आठवड्यांनी ती टर्मिनलला टेकली. सिग्नल लाल झाला नाही. ३५ मृत्यू.
आपल्याकडे कुठे घडू शकतं : गेटचा बॅरिअर बदलताना, पॉइंट मशीन बदलताना, लोकेशन बॉक्समध्ये तात्पुरता जोड देताना.
टी ३५१ वर रिकनेक्शन देण्याआधी : मंजूर सर्किट नकाशा जागेवर उघडा. टर्मिनलवरच्या तारा मोजा, नकाशाशी जुळवा. मोजणारा आणि जोडणारा एकच माणूस नको. काढलेली वायर दोन्ही टोकांना सुटली हे डोळ्यांनी पाहा. लेबल वाचा. पॉइंट दोन्ही बाजूंना फिरवून सिग्नलशी मेळ तपासा.
घाई असेल तर : स्टेशन मास्टरला वेळ वाढवून मागा. नकार मिळाला तर वेळेसह लिहून ठेवा.’

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली आहे. ब्लॉक संपत आलेला, गाड्या खोळंबलेल्या, कंट्रोलचे फोन सुरू, आणि हाताखालचा माणूस तारा मोजतो आहे. तपासणी वगळली जाते ती याच क्षणी. नोंदीत या क्षणाचा उल्लेख नसेल, तर ती नोंद आरामात बसून केलेल्या कामासाठी लिहिलेली आहे.

पायरी ८ : सांगताना माणूस नको, काम घ्या

सेफ्टी मीटिंगमध्ये धडा मांडताना चूक करणाऱ्याला मध्यभागी उभं करू नका. ब्रिटनचा प्रत्येक अहवाल सुरुवातीलाच सांगतो, की दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा त्याचा हेतू नाही. यामागे अनुभव आहे. आमागासाकीच्या चालकाचं वय अवघं २३ होतं. चूक झाल्यावर मिळणाऱ्या अपमानास्पद ‘पुनर्प्रशिक्षणा’ची धास्ती त्याच्या मनावर होती, हे तपासात आलं. आधीच्या स्टेशनात गाडी ७२ मीटर पुढे गेली होती, दीड मिनिटाच्या आतला उशीर झाला होता, आणि त्या उशिराचा हिशेब आता कसा दिला जाईल याकडे त्याचं लक्ष होतं. भीतीने शिस्त येते असं मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा अहवाल वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्षात असं करा. अपघाताची गोष्ट निर्णयाच्या क्षणापर्यंत सांगा आणि थांबा. ‘तुम्ही रात्री अडीच वाजता तिथे असता तर काय केलं असतं?’ असं विचारा. अनुभवी माणसं बोलायला लागतात, आणि ‘आमच्याकडेही एकदा असंच...’ अशी एखादी घटना बाहेर येते, जी कुठल्याही कागदावर नसते. ती नाव न घेता टिपून घ्या. वीस मिनिटं पुरतात. प्रोजेक्टर नसला तरी चालतं. ट्रॅकमनच्या गँगला टूलबॉक्सवर बसूनही हे करता येतं, आणि तिथे ते मराठीत, त्यांच्या शब्दांत झालं पाहिजे.

पायरी ९ : धडा विसरला जाणार, हे धरूनच चाला

१५ ऑगस्ट २०१७ ला लंडनच्या वॉटरलू स्टेशनातून निघालेली गाडी चुकीच्या दिशेने लागलेल्या पॉइंटवरून जाऊन इंजिनीअरिंगच्या उभ्या गाडीला घासली. वेग कमी होता म्हणून निभावलं. कारण निघालं ते चाचणीच्या वेळी जोडलेल्या, नोंद आणि नियंत्रण नसलेल्या वायरिंगचं. क्लॅपहॅमपासून काही मैलांवर, त्याच रेल्वेत. क्लॅपहॅमचे धडे उद्योगाच्या स्मरणातून पुसट होत चालले आहेत, असा इशारा तपास संस्थेने या अहवालाच्या वेळी दिला. क्लॅपहॅमनंतर सगळे नियम झाले होते, पुस्तिका होत्या, प्रशिक्षण होतं. पण ज्यांनी तो काळ पाहिला होता ती माणसं निवृत्त झाली, आणि नवीन लोकांना नियम मिळाला, त्यामागचं कारण मिळालं नाही.

म्हणून नियमाच्या शेजारी त्याचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. तुमच्या एका पानाच्या नोंदीवर पुनर्तपासणीची तारीख आणि ती करणाऱ्याचं पद टाका. बदली झाली की चार्ज देताना ही फाइल चार्ज लिस्टमध्ये यायला हवी. आणि तपासायचं काय? ‘सगळ्यांना कळवलं का’ हे नाही. लोकेशन बॉक्स उघडून शेवटच्या कामाची मोजणी नोंदवहीत आहे का, ती कोणी केली, हे पाहायचं.

मोठ्या धड्यांना वेळ किती लागतो याची कल्पना असू द्या. अमेरिकेत १९६९ मध्ये डॅरियनला दोन गाड्यांची समोरासमोर धडक झाली, तेव्हापासून तपास संस्था स्वयंचलित गाडी नियंत्रणाची शिफारस करत होती. कायदा झाला २००८ मध्ये, चॅट्सवर्थला २५ माणसं गेल्यानंतर. अंमलबजावणी पूर्ण झाली २०२० च्या अखेरीस. त्या संस्थेने दरम्यान काय केलं, तर प्रत्येक शिफारशीची स्थिती लोकांसमोर ठेवली : उघडी आहे की बंद, उत्तर समाधानकारक आहे की नाही. तुमच्या डिव्हिजनच्या नोंदीतही असा एक रकाना करता येईल. पाच वर्षं ‘उघडी’ राहिलेली ओळ कोणालाही दिसते.

पायरी १० : आपलाही धडा बाहेर पाठवा

१९९७ मध्ये जर्मनीतल्या हानोफरच्या ट्राम कंपनीला रबराचा थर असलेल्या आपल्या चाकांत तडे सापडले. तिने चाकं लवकर बदलायला सुरुवात केली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तशी चाकं वापरणाऱ्या इतरांना, जर्मन रेल्वेलाही, इशारा पाठवला. आपल्याकडे तसा त्रास नाही, असं उत्तर आल्याचं ती सांगते. ३ जून १९९८ ला एशेडे इथे अतिवेगवान गाडीच्या अशाच प्रकारच्या चाकाचं लोखंडी कडं तुटलं आणि १०१ माणसं गेली. पाठवणाऱ्याने आपलं काम केलं होतं. इशारा घेणाऱ्याने ‘आमच्याकडे अजून झालं नाही’ हाच पुरावा मानला.

दुसऱ्या डिव्हिजनचा किंवा दुसऱ्या देशाचा इशारा तुमच्या टेबलावर आला, की उत्तर लिहिण्याआधी एक वस्तू उघडून बघा : एक चाक, एक बॉक्स, एक ड्रेन. आणि तुमच्या इथे थोडक्यात निभावलेली घटना असेल, तर ती तशाच एका पानावर लिहून शेजारच्या डिव्हिजनला, भुसावळच्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेला, रुळांचा विषय असेल तर पुण्याच्या ‘इरिसेन’ला, सिग्नलचा असेल तर सिकंदराबादच्या ‘इरिसेट’ला पाठवा. अधिकृत मार्ग लांबचा असला तरी तोच वापरा, म्हणजे नोंद राहते. सोबत एक फोटो, एक आकृती आणि तुमच्या पदाचा फोन नंबर जोडा. वाचणाऱ्याला पहिला प्रश्न तुम्हालाच विचारायचा असतो.